पूर्वेस समुद्र

"आमच्या गुरुजीला दोन सासुरवाड्या हाईत," असं साखराबाई आल्या-गेल्याला सांगायची. एक चाकूरजवळची, म्हणजे तिचं स्वतःचं माहेर. तिथं गुरुजी वर्षातून एकदा जायचे, तेही कुणी हाताला धरून ओढत नेल्यासारखे. दुसरी इंग्लंडात, समुद्राच्या काठाला. तिथं ते कधीच गेले नव्हते, पण तिथली गल्ली न् गल्ली त्यांना तोंडपाठ होती. कुणाचं घर पडलं, कोण किती मतांनी निवडून आलं, कुठली शाळा बंद पडली, सगळं ठाऊक. "अन् माझा धाकला भाऊ काय करतो ते इचारा," साखराबाई म्हणायची, "न्हाई सांगता येत."

गुरुजी म्हणजे रामलिंग ग्यानोबा चामे. अहमदपूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधून त्यांनी छत्तीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं, आणि जवळजवळ तितकीच वर्षं मतदार यादीचं काम केलं. दारोदार जायचं, नवी नावं घालायची, लग्न होऊन गेलेल्या मुलींची काढायची, मेलेल्यांची काढायची. बाकीचे शिक्षक हे काम टाळण्यासाठी दाखले गोळा करत. गुरुजी ते मागून घेत. यंदा आषाढात ते गेले. पंचाहत्तर पुरी झाली होती.

दिवाळी झाल्यावरच्या शनिवारी त्यांची लेक सुकन्या नांदेडहून लोह्यावरून येणाऱ्या एसटीनं घरी आली. घरात यंदा दिवाळी नव्हती. शेजारच्यांनी आणून दिलेला फराळ डब्यात तसाच होता. सुकन्या नांदेडच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होती. बावीस वर्षं पुस्तकांत काढलेली बाई, कमी बोलणारी. वडील गेल्यावर तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं. मृत्यूचा दाखला, पेन्शन, गॅसची जोडणी, फोन, सगळे कागद तिनं एकेक करून हातावेगळे केले होते. एकच राहिला होता. तो रेडिओखाली दुमडून ठेवलेला होता, आणि चार महिने तिथंच होता.

मतदार यादीतून नाव वगळण्याचा तो कागद. माहिती देणाऱ्या नातेवाइकाची सही, एवढंच हवं होतं.

तो घेऊन आलेली गीतांजली ही गुरुजींचीच विद्यार्थिनी. आता त्याच वॉर्डात शिक्षिका आणि बीएलओ, म्हणजे यादीचं काम गुरुजींनंतर तिच्याकडं आलेलं. तेराव्यानंतर आठवड्यानं ती आली, दारातच घुटमळली, आणि तिचा चेहरा बघून साखराबाईच म्हणाली होती, "ये की. गुरुजीनं तुला यादीत घातलं, अन् तू गुरुजीला काढाय आलीस." गीतांजली रडायला लागली. सुकन्यानं तेव्हा सांगितलं, राहू दे सध्या. पोळ्याच्या सुमाराला ती पुन्हा आली, सुकन्या नव्हती. आता तिचा फोन आला होता की सोमवारी तहसीलमध्ये सगळं जमा करायचंय, तर रविवारी दुपारी येऊ का. साखराबाईला सही करता येत होती. गुरुजींनीच लग्नानंतर पाटीवर शिकवली होती. पण ती म्हणाली, "मी न्हाई करणार. ती पोरगी नाव सांगा म्हणती. मला त्येंचं नाव घ्याय येतं व्हय? तू हाईस शिकलेली. तू बघ."

सुकन्याला कळत होतं की हा एक साधा कागद आहे. बाकीचे सगळे कागद याच्याहून मोठे होते. पण ते परक्या कचेऱ्यांचे होते, हा अण्णांच्या, तिच्या वडिलांच्या, हातच्या कामाचा होता. हजारो माणसं त्यांच्या हातून या यादीत आली आणि त्यांच्याच हातून यादीबाहेर गेली. त्यातून त्यांना आपण काढायचं, या विचारापाशी तिचा हात थांबायचा. आज रविवार होता. दुपारपर्यंत काय ते ठरवायला हवं होतं.

सकाळी अंगण झाडून झाल्यावर तिनं तो कागद हातात घेतला, वाचला, परत रेडिओखाली ठेवला. आणि काहीतरी दुसरं करायचं म्हणून कपाटावरचं लाल कापडात बांधलेलं दप्तर खाली काढलं. अण्णांची दुसरी सासुरवाडी.

साखराबाई शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली. "आलं का इंग्लंड खाली."

आत एक जाड रजिस्टर होतं. पहिल्या पानावर, शाळेच्या तपासणी वहीसारखं, वळणदार अक्षरात:

मतदारसंघाचे नाव: मार्लसी. देश: इंग्लंड. चतुःसीमा: उत्तरेस ओढा व दलदल. दक्षिणेस जुना रेल्वेमार्ग, बंद. पश्चिमेस गव्हाची शेते. पूर्वेस समुद्र.

मार्लसी या शब्दावर तांबड्या शाईची एक बारीक, पट्टी धरून मारलेली रेघ होती. सुकन्याला ती आठवत नव्हती. लहानपणी हे पान तिनं कितीदा पाहिलं होतं, तेव्हा रेघ नव्हती.

चतुःसीमेखाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, पूर्वेची हद्द दरवर्षी तपासावी. आणि खरोखरच पुढं वर्षवार नोंदी होत्या. या वर्षी पाच फूट. या वर्षी साडेतीन. एका हिवाळी वादळात एकदम अठरा फूट, त्यात एक चहाचं दुकान आणि पाद्र्याची बाग. तिथला किनारा मऊ मातीचा, आणि समुद्र तो खात होता. अण्णांनी शेवटी शेरा मारला होता: "भाऊबंद बांध कोरतो तसा हा समुद्र कोरतो. फरक इतकाच की याची मोजणी आणता येत नाही."

सुकन्याला हसू आलं. समुद्र न पाहिलेल्या माणसाला समुद्र असाच दिसणार. आपल्या पलीकडचा शेतकरी, दर पेरणीला नांगराचं एक तास इकडं सरकवणारा.

पुढची पानं तिच्या ओळखीची होती, कारण नववीच्या वर्गात ती तिनं त्यांच्या तोंडून ऐकली होती. पाठ ब्रिटिश संसदेचा असायचा आणि पुस्तकात दीड पान असायचं. अण्णा मात्र मार्लसीला जायचे. मार्लसी हे एके काळी हेरिंग माशांचं बंदर. तिथून पूर्वी दोन खासदार जायचे, आणि मतदार होते एकोणीस. एकोणीसच्या एकोणीस जण एकाच जमीनदाराच्या मिठातले. मत तोंडानं, सगळ्यांसमोर द्यायचं. जमीनदाराचा कारभारी शेजारी उभा. "एकोणीस माणसं तर आपल्या गल्लीत एका पंगतीला बसतात," अण्णा वर्गात म्हणायचे, "मग आपल्या गल्लीला दोन खासदार का नाहीत?" अठराशे बत्तीसच्या सुधारणेत मार्लसीच्या दोन्ही जागा गेल्या. मग रेल्वे आली. डॉक्टरांनी समुद्रस्नान चांगलं असं सांगायला सुरुवात केली, आणि कोळ्यांच्या गावात पाहुण्यांसाठी तीन-तीन मजली घरं उभी राहिली. लोक वाढले तशी पन्नास वर्षांनी एक जागा परत मिळाली. बायकांना मत मिळालं त्या वर्षीचा आकडा अण्णांनी लाल चौकटीत लिहिला होता. एकदा तिथला निकाल तेवीस मतांनी लागला. तीनदा मोजणी झाली. मग मासे कमी झाले, पाहुणे विमानानं दुसरीकडं जायला लागले, रेल्वे बंद पडली. पाहुण्यांची घरं म्हाताऱ्या माणसांच्या निवासाची घरं झाली. तिथं अण्णांनी एक वाक्य लिहिलं होतं, जे फक्त यादीचं काम करणाऱ्या माणसालाच सुचलं असतं: "दर दहा मतदारांत चार साठीवरचे. म्हणजे नावे वगळण्याचे काम अधिक. तिथल्या कर्मचाऱ्याने जपून करावे."

हे सगळं त्यांना कुठून मिळालं, हे सुकन्याला माहीत होतं. लातूरच्या एका रद्दीवाल्याकडं कव्हर फाटलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांना सापडलं होतं, तिथल्या सगळ्या मतदारसंघांची माहिती असलेलं. सहाशेवर मतदारसंघ. त्यांतून त्यांनी मार्लसीच का निवडला, हे मात्र तिनं कधी विचारलं नव्हतं. समुद्राची हौस असेल, असं ती धरून चालली होती. ज्यांच्या गावापासून समुद्र चारशे-साडेचारशे किलोमीटर आहे, त्यांना असते तशी.

पुस्तकाचं ते पान रजिस्टरला शिवलेलं होतं. त्यात एका ओळीखाली पेन्सिल इतकी दाबून ओढली होती की कागद फाटला होता. रेव्हन्सबी गाव: एकोणीसशे एक्कावन साली मतदार दोनशे बारा. सध्या यादीत एकही नाही.

त्यापुढं आवक-जावक होती. गुरुजींची पत्रं म्हणजे जावक, उत्तरं म्हणजे आवक, प्रत्येकाला क्रमांक आणि तारीख. मार्लसीच्या निवडणूक कार्यालयातल्या डोरीन पेल नावाच्या बाईंशी अण्णांचा पत्रव्यवहार आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. साखराबाई तिला डोरीनबाई म्हणायची आणि पोस्टमन परदेशी तिकिटाचं पाकीट घेऊन आला की हाक मारायची, "या, मेहुणीचं पत्र आलंय." पण ती पत्रं सुकन्यानं कधी वाचली नव्हती. अण्णांनी प्रत्येक पत्राचा मराठी तर्जुमा करून ठेवला होता.

जावक क्रमांक एक. चौदा एप्रिल एकोणीसशे पंच्याण्णव.

आदरणीय डोरीनताई यांस. (इंग्रजीत काय लिहिलं होतं देव जाणे, तर्जुम्यात ताईच होतं.) आपल्या मतदारसंघातील रेव्हन्सबी गावाचे दोनशे बारा मतदार यादीतून गेले आहेत. एवढी माणसे एकदम कशी वारली? त्यांची खात्री कोणी केली? आपल्याकडे मयताचे नाव वगळण्याची पद्धत कशी आहे? हे विचारण्याचे कारण पुढे लिहितो.

सुकन्यानं चष्मा पुसला आणि कारण वाचायला घेतलं.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी ती बारा वर्षांची होती. अण्णांना पंचनाम्याच्या, मग नोंदणीच्या कामाला किल्लारीकडं पाठवलं होतं. ते महिना-महिना घरी यायचे नाहीत आणि आले की बोलायचे नाहीत, एवढंच तिला आठवत होतं. बाकीचं पत्रात होतं. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत त्यांना किल्लारीपलीकडच्या एका गावाची मतदार यादी नवी करायला सांगितली. गाव असं नव्हतंच. पत्र्याची शेडं होती. घर क्रमांक एक्केचाळीसमध्ये सात नावं. ईश्वरप्पा नावाचा शेजारी म्हणाला, त्या घरात कुणी उरलं न्हाई, गुरुजी. अण्णा तीन दिवस हेच ऐकत होते. त्यांनी जागेवर उभ्यानंच सात रेघा मारल्या आणि पुढच्या शेडकडं गेले.

सहा बरोबर होत्या.

सातवी पंचफुलाबाई दगडू माने. भूकंपाच्या रात्री ती बहिणीकडं लातूरजवळच्या मुरुडला गेलेली होती, आणि पुढचे चार-सहा महिने बहिणीनं तिला तिथून हलू दिलं नव्हतं. पंच्याण्णवच्या निवडणुकीत अण्णांची मतदान केंद्रावर नेमणूक झाली ती नेमकी त्याच गावी. दुपारी एक बाई पुढं आली, नाव सांगितलं. अण्णांनी यादीत बोट फिरवलं आणि त्यांचंच बोट त्यांच्याच रेघेपाशी थांबलं. त्यांनी तिला सांगितलं की यादीत तुम्ही मयत आहात.

"त्या म्हणाल्या," अण्णांनी लिहिलं होतं, "गुरुजी, मी तर उभी हाय की."

ती भांडली नाही. नियमाप्रमाणं तिला मत देता येत नव्हतं. ती बाहेर जाऊन लिंबाखाली बसली आणि मतदान संपेपर्यंत तिथंच बसून राहिली. अण्णांना आतून ती दिसत होती. "त्या घरातील सहा माणसे भूकंपाने नेली," पत्राच्या शेवटी होतं, "सातवे मी नेले. आपल्याकडे असे कधी झाले आहे काय, कृपया कळवावे."

सुकन्या उठली, माठातलं पाणी प्यायली आणि परत येऊन बसली. तीस वर्षं ही गोष्ट या कपाटावर होती. अण्णांनी ती घरात कुणाला सांगितली नव्हती. समुद्रापलीकडच्या एका अनोळखी बाईला सांगितली होती. याचं तिला वाईट वाटलं, आणि लगेच असंही वाटलं की आपणही तेच केलं असतं.

उत्तर श्रावणात आलं होतं. आवक क्रमांक एक. डोरीनबाईंनी लिहिलं होतं की रेव्हन्सबीत कुणी मेलं नाही. समुद्र एकदम आला नाही, एकेक घर करत आला. चाळीस वर्षं लागली. माणसं दोन मैल आत सरकली. तिथल्या नव्या गल्ल्यांना त्यांनी बुडालेल्या गल्ल्यांचीच नावं दिली. दोनशे बारांतली बरीचशी नावं तुम्हाला दुसऱ्या वॉर्डात सापडतील, श्री. चामे, सोबत यादीची झेरॉक्स पाठवते. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हो, आमच्याकडंही झालं आहे. माझ्याच हातून. एक कोळी तीन वर्षं दारात सापडला नाही, शेजारीण म्हणाली तो बुडाला, मी नाव काढलं. तो एक दिवस कुत्रं घेऊन कार्यालयात आला आणि मी नाव परत लिहीपर्यंत माझ्या टेबलासमोर उभा राहिला. त्या दिवसापासून मी ऐकीव माहितीवर कुणाला काढत नाही. घरी जाते, घरच्या माणसाला नाव उच्चारायला सांगते. माणूस खरंच गेला असेल तर नाव घेताना ते कळतं.

त्याखाली अण्णांनी फक्त लिहिलं होतं: "हे करावे."

सुकन्याला शाळेतल्या दिवसांचं आठवलं. उन्हाळी सुट्टीत ती त्यांच्याबरोबर यादीच्या कामाला जायची. ज्या घरात कुणी गेलेलं असेल तिथं अण्णा उभ्यानं विचारायचे नाहीत. आत जाऊन बसायचे, पाणी मागायचे, तांब्याभर पाणी सावकाश प्यायचे. मग म्हणायचे, नाव सांगता का. घरातलं कुणीतरी नाव सांगायचं. मग पट्टी काढून ते रेघ मारायचे, इतकी बारीक की खालचं नाव वाचता यावं. तिला तेव्हा वाटायचं, आपल्या अण्णांना तहान फार लागते. ती मैत्रिणींना तसं सांगायचीसुद्धा.

"आई," ती म्हणाली, "पंचफुलाबाई कोण, माहीत आहे तुला?"

साखराबाईच्या हातातली शेंग फुटायची थांबली. "कुठं सापडली ती?"

"अण्णांनी लिहून ठेवलंय."

"यायची की ती. तू नांदेडला शिकाय गेलीस तवा. दोन डाव आली. माझ्या हातची भाकर खाल्ली." तिनं टरफलं सुपात एका बाजूला केली. "त्येनी पाच चकरा मारल्या औशाला, लातूरला, तिचं नाव परत घालाय. मग मतदान आलं की आधी जाऊन बघून यायचे, हाय का न्हाई यादीत. मला म्हनली ती, गुरुजीनं मारलं अन् गुरुजीनंच उठिवलं."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"त्येनी न्हाई सांगितलं मला, तिनं सांगितलं. मग मी तुला कशी सांगू? त्येंचं व्हतं ते."

सुकन्यानं पुढची पत्रं चाळली. समुद्र किती आत आला, तिकडं कोण जिंकलं, इकडं कोण जिंकलं, डोरीनबाई निवृत्त झाल्या, गुरुजी निवृत्त झाले, डोरीनबाईंचा गुडघा, गुरुजींचा मोतीबिंदू. जावक क्रमांक नऊ, दोन हजार अकरा. ती तिनं आईला वाचून दाखवली.

"पंचफुलाबाई दगडू माने गेल्या. मी निरोप मिळताच गेलो. घर बंद होते. बहीण आधीच वारलेली. पाणी शेजाऱ्यांनी दिले. घरात नाव सांगणारे कोणी नाही, म्हणून ते मीच सांगितले, आणि मीच लिहून घेतले. आपली पद्धत पाळली असे मी समजतो."

साखराबाईनं सूप बाजूला ठेवलं आणि पदरानं हात पुसत राहिली, ते कोरडे असूनही.

शेवटची आवक मागल्या वर्षीची, जुलै दोन हजार चोवीस. अक्षर थरथरतं; वय चौऱ्याऐंशी, हेही त्यांनीच लिहिलं होतं. त्या आता अशाच एका जुन्या पाहुण्यांच्या घरात राहत होत्या, समुद्राच्या बाजूला खिडकी असलेल्या. तिकडं मतदारसंघांची फेररचना झाली आणि या निवडणुकीपासून मार्लसी राहिला नव्हता. उत्तरेचे वॉर्ड एका शेजाऱ्याला गेले, दक्षिणेचे दुसऱ्याला. कुणी फारसं काही बोललं नाही, त्यांनी लिहिलं होतं. तुम्हाला कळवावं असं वाटलं, कारण याची यादी ठेवणारे आता आपण दोघंच. तर पद्धतीप्रमाणं नाव सांगते: मार्लसी.

अण्णांनी त्याखाली नोंद केली होती. "नाव कोणी सांगितले: डोरीन पेल, रहिवासी. नाव वगळले. माणसे आहेत."

सुकन्यानं पहिलं पान पुन्हा उघडलं. तांबडी रेघ. खालचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.

गीतांजली तीनच्या सुमाराला आली. पर्समध्ये मोबाईल, काखेत फाईल, स्कूटीवरून आल्यानं तोंडाला बांधलेली ओढणी. आता सगळं मोबाईलवर होतं. कारण निवडायचं, मृत्यू की स्थलांतर की दुबार, आणि बटण दाबायचं. पण तिनं मोबाईल बाहेर काढला नाही. चटईवर बसली, साखराबाईची तब्येत विचारली, आणि म्हणाली, "काकू, पाणी देता?"

साखराबाईनं तांब्या आणून दिला. गीतांजली सावकाश प्यायली, तळापर्यंत. बाहेर कुणीतरी वाळवणावरची पाखरं हाकलत होतं. सुकन्या तिच्याकडं बघत राहिली.

"हे अण्णांनी शिकवलं?"

"ट्रेनिंगला यायचे ना ताई, निवृत्तीनंतरबी. स्वतःहून. सगळे हसायचे मागं. म्हणायचे, दिवसाला चाळीस घरं करायची अन् प्रत्येक घरी तांब्याभर पाणी प्यायचं, मग आमचंच नाव काढावं लागंल." ती हसली आणि तिनं रिकामा तांब्या बाजूला ठेवला. "मी आलते त्या दिवशी मला पाणी मागता आलं नाही. तुम्ही राहू दे म्हणालात ते बरंच झालं, तसं नको होतं करायला."

सुकन्यानं रेडिओखालचा कागद काढला. घडीवर धुळीची रेघ उमटली होती. ती गीतांजलीसमोर बसली.

"ताई, नाव सांगता?"

गीतांजलीला नाव माहीत होतं. तिच्या वहीत, मोबाईलमध्ये, नववीच्या प्रगतिपुस्तकावरच्या सहीत होतं. तरी ती पेन धरून थांबली, घाई न करता, जसे अण्णा थांबायचे.

"रामलिंग," सुकन्या म्हणाली, आणि थांबली. चार महिन्यांत तिनं हे नाव कितीतरी कागदांवर लिहिलं होतं. बोलली एकदाही नव्हती. डोळे भरून आले ते तिनं पुसले नाहीत. कुणी तिला पाणी दिलं नाही. गीतांजली वहीकडं बघत बसली. थोड्या वेळानं सुकन्यानं परत पहिल्यापासून सुरुवात केली. "रामलिंग ग्यानोबा चामे."

"वय?"

"पंचाहत्तर."

"नातं?"

"मी मुलगी."

तिनं सही केली. गीतांजलीनं कागद फाईलमध्ये ठेवला, मग फाईल उघडून यादीची जुनी छापील प्रत काढली. ती आता कुणी मागत नव्हतं, पण ती ठेवत होती. तिनं पट्टी लावली आणि तांबड्या पेननं एक बारीक रेघ ओढली. मग ती प्रत सुकन्याच्या दिशेनं थोडी वळवली. सुकन्यानं वाचलं. वाचता येत होतं.

गीतांजली गेल्यावर साखराबाईनं चहा टाकला. दोघींनी घेतला. मग कप विसळता विसळता ती म्हणाली, "आता तिकडं कळवाय पायजे."

"कुणाला?"

"सासुरवाडीला. माणूस गेलं तर कळवत न्हाईत व्हय? ती डोरीनबाई वाट बघत असंल म्हातारी. यंदा एकबी पत्र गेलं न्हाई."

सुकन्यानं रजिस्टर पुन्हा मांडीवर घेतलं. अण्णांची शेवटची जावक अकरा होती. तिनं नव्या पानावर क्रमांक घातला, बारा, आणि तारीख. आधी मराठीत लिहावं, मग तर्जुमा, असं तिनं ठरवलं, अण्णांच्या उलट. आदरणीय डोरीनताई यांस, इथपर्यंत लिहून ती थांबली. इतकी पुस्तकं वाचलेली बाई, पण पुढचं वाक्य सुचेना.

"आई, काय लिहू?"

साखराबाई दारात येऊन उभी होती. तिनं पदर नीट केला, चारचौघांत काही सांगायचं असलं की करायची तसा.

"लिही की," ती म्हणाली, "रामलिंग गुरुजी गेले. आषाढात गेले. झोपेत गेले म्हणाव, तरास झाला न्हाई."

चव्वेचाळीस वर्षांत सुकन्यानं आईच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं. तिनं वर पाहिलं नाही. आई सांगत गेली तसं ती लिहीत गेली.